ठाण्यातला कागद

आमच्या आत्याला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. तिचा मुलगा रस्त्यावर किती वेळ पडून होता?

माझा हा आतेभाऊ दुसऱ्या पाळीहून घरी परतत असताना दुचाकीच्या अपघातात गेला. इस्पितळात डॉक्टर एवढेच म्हणाले, की थोडे आधी आणले असते तर काही सांगता आले असते. 'थोडे आधी' हे शब्द आत्याच्या मनात रुतून बसले. मदत उशिरा पोहोचली असेल तर ती कोणामुळे? ती दोनदा पोलीस ठाण्यात जाऊन आली. ठाणे अंमलदार वाईट वागले नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "मावशी, तपास सुरू आहे." तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "तू दोनदोनशे वर्षांपूर्वीचे कागद हुडकत फिरतोस. माझा एवढा एक कागद आणून दे की."

तोवर माझा वावर जुन्या कागदांतच होता. पदवी नाही, संस्था नाही. ग्रंथालयांत आणि दफ्तरखान्यांत बसून जे शिकलो तेवढेच. माहितीचा अधिकार अधिनियम मी वर्तमानपत्रांतून वाचला होता, वापरला कधी नव्हता. आत्याच्या त्या एका वाक्यामुळे मी तो कलमवार वाचायला घेतला आणि पोलीस ठाण्याच्या पायरीवर जाऊन पोहोचलो. त्या वाटेवर जे कळले ते येथे मांडतो आहे. आमच्या घरची हकीकत त्यात लागेल तेवढीच येईल.

बंद दफ्तराचे शहर

पुण्याला बंद दफ्तराचा अनुभव जुना आहे. पेशवाई बुडाल्यावर सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पेशवे दफ्तर म्हणून पुण्यातच राहिले. ज्यांच्या आज्यापणज्यांचा इतिहास त्या रुमालांत बांधलेला होता, त्या मराठी अभ्यासकांना मात्र ते अनेक दशके मोकळेपणाने पाहता येत नव्हते. इनामे, वतने, हक्क यांचे दावे उभे राहतील ही सरकारची धास्ती होती. जदुनाथ सरकारांचा आग्रह आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचे श्रम यांतून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले, तेव्हा कोठे ते दार किलकिले झाले.

आज त्याच दफ्तरात पुण्याच्या कोतवालीचे कागद आहेत. अठराव्या शतकात कोतवालाने कोणाकडून किती गुन्हेगारी घेतली, म्हणजे दंड वसूल केला, हे अभ्यासकाला बसून वाचता येते. घाशीराम कोतवालाचा १७९१ मधला अंत आपल्याला नाटकामुळे ठाऊक असतो, पण त्याच्या काळच्या कोतवाली चावडीचा रोजचा कारभार कागदांमुळे कळतो. मग मनात येते, की सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कोतवालाचा हिशेब मला पाहता येतो, तर गेल्या महिन्यातल्या पोलीस ठाण्याची नोंद का पाहता येऊ नये?

कायद्याच्या दृष्टीने ती पाहता येते, निदान मागता तरी येते. महाराष्ट्रात केंद्राच्या आधीच, २००२ पासून लागू असलेला, राज्याचा माहिती अधिकार कायदा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा त्यामागे मोठा रेटा होता. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे लागू झाला. त्या दिवशी दसरा होता, आणि देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दिला गेला, अशी नोंद सापडते. नगरपालिका नव्हे, तहसील नव्हे, थेट पोलीस ठाणे. सीमोल्लंघन ते हेच.

जगात असा पहिला कायदा स्वीडनने १७६६ मध्ये केला. माधवराव पेशव्यांचा तो काळ. ब्रिटनचा कायदा २००५ च्या जानेवारीत अमलात आला आणि तेथील पोलीस दले पहिल्यापासून त्याच्या कक्षेत आहेत. आपल्याकडेही पोलीस हे इतर कोणत्याही कार्यालयासारखेच 'सार्वजनिक प्राधिकरण' आहे. कलम २४ नुसार गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांना वगळता येते. केंद्राच्या अशा संघटनांची यादी कायद्यालाच जोडलेली आहे आणि राज्य सरकारला आपल्या संघटना अधिसूचनेने वगळता येतात. राज्य गुप्तवार्ता विभाग त्यामुळे कक्षेबाहेर आहे. तरीही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन याविषयीची माहिती त्या कुंपणाच्या आत ठेवता येत नाही. आपल्या पेठेतले, उपनगरातले नेहमीचे पोलीस ठाणे या कुंपणात येतच नाही. पोलिसांना हा कायदा लागू नाही, असे काउंटरवर कोणी सांगितले तर ते चूक आहे.

'का' नव्हे, 'काय'

माझा पहिला अर्ज वाया गेला आणि त्यात चूक माझीच होती. मी लिहिले होते : 'अपघातस्थळी मदत पोहोचण्यास विलंब का झाला? यास जबाबदार कोण?' उत्तर आले, की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही. मला राग आला. कायदा पुन्हा वाचल्यावर तो ओसरला.

या कायद्याने 'माहिती' म्हणजे काय ते ठरवून दिले आहे. अभिलेख, दस्तऐवज, टिपण्या, ई-मेल, परिपत्रके, आदेश, रोजवह्या, नमुने अशा कोणत्या ना कोणत्या रूपात कार्यालयाजवळ जे आधीपासून आहे ते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये स्पष्ट केले, की एखादी गोष्ट का केली वा का केली नाही याचे समर्थन मागणे म्हणजे माहिती मागणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये, उत्तरपत्रिकांच्या गाजलेल्या प्रकरणात, सांगितले की अस्तित्वात नसलेली माहिती तयार करून देण्याचे किंवा मत देण्याचे बंधन कार्यालयावर नाही.

नियम निष्ठुर वाटतो, पण संशोधकाला तो ओळखीचा असायला हवा. दफ्तरखान्यात जाऊन कोणी 'पानिपत का हरलो' असा रुमाल मागत नाही. अमुक तारखेची पत्रे मागतो, 'का' चे उत्तर आपण आपल्या टेबलावर शोधतो. पोलिसांकडेही कागद मागायचा असतो, कबुली नव्हे.

महाराष्ट्राच्या नियमांनी या शिस्तीला आणखी एक वेसण घातली. २०१२ च्या दुरुस्तीपासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांचा असावा लागतो. कार्यकर्त्यांना ते जाचक वाटले आणि त्यांचे म्हणणे रास्तच आहे. शिक्षण बेताचे असलेल्या माणसाला थोडक्यात लिहिणे अवघड जाते. माझ्यापुरते सांगायचे तर त्या दीडशे शब्दांनी माझ्या अर्जातला सगळा संताप गाळून टाकला. मागे उरले ते तारीख, वेळ, ठिकाण आणि कागदाचे नाव.

कोणते कागद?

कागदाचे नाव ठाऊक नसेल तर तो मागता येत नाही. पोलीस ठाणे ही मोठी लिहिणारी संस्था आहे, हे बाहेरच्याला सहसा जाणवत नाही.

सर्वांत महत्त्वाची ती स्टेशन डायरी. चोवीस तास चालणारी, वेळेनुसार लिहिलेली रोजवही. कोण ड्यूटीवर आले, कोणता फोन आला, कोणती गाडी कोठे गेली, कोणाला आणले, कोणाला सोडले. अगदी जुन्या बखरकारालाही हेवा वाटावा असा हा ऐवज आहे, कारण तो घडत्या वेळी लिहिला जातो. त्याच्या जोडीला दखलपात्र गुन्ह्यांची नोंदवही, अदखलपात्र तक्रारींची नोंद, अकस्मात मृत्यूची नोंद, मुद्देमालाची वही, तक्रार अर्जांची आवक-जावक, वाहनाचे लॉगबुक आणि नियंत्रण कक्षातल्या दूरध्वनी व बिनतारी संदेशांच्या नोंदी. पंचनामे वेगळे. आणि तपासी अधिकाऱ्याची केस डायरी वेगळी.

केस डायरीला हात लावण्याआधी थांबावे. ती न्यायालयाच्या साहाय्यासाठी असते आणि आरोपीलाही ती हक्काने पाहता येत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तसे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. स्टेशन डायरी आणि केस डायरी यांची गल्लत अर्जदारही करतात आणि नकार लिहिणारेही.

काही कागदांसाठी माहिती अधिकाराची गरजच नसते. फिर्यादीला प्रथम खबर अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला, की लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. दुर्गम भागासाठी ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढवता येते. नव्या संहितेनुसार तपास कोठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आत्याच्या वेळी ही तरतूद नव्हती.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचेही असेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवण्यास सांगितले. ठाण्यात मारहाण झाली असे ज्याला म्हणायचे आहे त्याच्यासाठी हे चित्रण म्हणजे नवी स्टेशन डायरीच. फरक एवढा, की ही डायरी ठरावीक काळाने स्वतःला पुसून टाकते. त्यामुळे अर्ज त्याच आठवड्यात करावा आणि चित्रण जपून ठेवावे अशी विनंती त्यातच लिहावी.

'तपास सुरू आहे'

माझा दुसरा अर्ज नीट होता. अपघाताच्या रात्री दहा ते पहाटे दोनपर्यंतच्या स्टेशन डायरीच्या नोंदी, गस्तीच्या गाडीच्या लॉगबुकाचे त्या रात्रीचे पान आणि आलेल्या संदेशाची नोंद. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अठ्ठाविसाव्या दिवशी एका ओळीचे उत्तर आले : 'प्रकरण तपासावर असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.'

पोलिसांकडे अर्ज करणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा हीच ओळ पडते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. कलम ८(१)(ज) असे म्हणत नाही, की तपास सुरू असला तर माहिती देऊ नये. ज्या माहितीमुळे तपासाच्या, अटकेच्या किंवा खटल्याच्या कामात अडथळा येईल ती माहिती द्यावी लागत नाही, असे ते म्हणते. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ च्या एका निकालात तो नेमका दाखवला : तपास चालू असणे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवून दिले पाहिजे.

त्याच्या भोवती आणखी तीन कलमे उभी आहेत. कलम ७(८) : नकार देताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवावा. कलम १० : कागदातला काही भाग देता येत नसेल तर तेवढा वगळून बाकीचा द्यावा. आणि कलम १९(५) : अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे. हे शेवटचे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा वाचले. पोलिसांसमोर नेहमी नागरिकानेच आपले खरेपण शाबित करायचे असते. या एका जागी कायद्याने बाजू उलटवली आहे.

मी पहिले अपील केले. फी वीस रुपये. त्यात एवढेच विचारले, की दोन वर्षे बंद झालेल्या वहीतली गाडी सुटल्याची वेळ मला कळल्याने कोणता आरोपी पळणार आहे? सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी संबंधितांना हाच प्रश्न विचारला. उत्तर आले नाही. मला वहीची पाहणी करू देण्याचा आदेश झाला. पाहणी हाही या कायद्याने दिलेला हक्कच आहे आणि पहिल्या तासाला शुल्क नाही.

सगळ्यांचे अपील इतक्या लवकर सुटत नाही. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे जाते. पुण्यात आयोगाचे खंडपीठ आहे. पण महाराष्ट्राच्या आयोगापुढे २०२२ मध्ये सुमारे एक लाख प्रकरणे साचली होती. अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये दंड करण्याची तरतूद आहे, पण सुनावणीच वर्ष-दीड वर्षाने होणार असेल तर दंडाची भीती कोणाला? 'तपास सुरू आहे' ही ओळ कायद्याच्या नव्हे, या रांगेच्या जोरावर टिकून आहे.

एका अधिकाऱ्याच्या पत्नीचा प्रश्न

हा सारा खटाटोप पोलिसांच्या विरुद्ध आहे असे ज्यांना वाटते त्यांनी विनीता कामटे यांचे उदाहरण आठवावे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी दहशतवाद्यांच्या गोळीबारात मारले गेले. कामटे पूर्व विभागाचे अतिरिक्त पोलीस आयुक्त होते. ते तेथे कसे गेले, त्यांना कोणी बोलावले, कुमक का आली नाही, जखमी अवस्थेत ते किती वेळ पडून होते, या प्रश्नांची पुरेशी उत्तरे त्यांच्या पत्नीला मिळाली नाहीत. पुण्यात राहणाऱ्या विनीता कामटे यांनी तेव्हा सामान्य नागरिकाची वाट धरली. त्यांनी माहितीच्या अधिकारात मुंबई पोलिसांकडे त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षातल्या संदेशांच्या नोंदी मागितल्या.

त्या सहज मिळाल्या नाहीत, पाठपुरावा करावा लागला. मिळाल्यावर त्यांनी मिनिटामिनिटांचा ताळा मांडला. कामा रुग्णालयाला वेढा घालण्यासाठी करकरे यांनी कुमक मागितल्याचे त्या नोंदींतून पुढे आले. विनीता देशमुख यांच्यासह लिहिलेले 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या नोंदींच्या पायावर. त्यातल्या निष्कर्षांशी पोलीस दलातले काही वरिष्ठ सहमत नव्हते, आणि नोंदींचा वाद पुढे राज्य माहिती आयोगापर्यंतही गेला. कोणाचे बरोबर, हा निवाडा करण्याचे हे ठिकाण नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. वीरमरण आलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीलाही पोलिसांकडून कागद मिळवण्यासाठी तोच दहा रुपयांचा अर्ज करावा लागला. आणि तिचा प्रश्नही माझ्या आत्याचाच होता. किती वेळ? ज्याचे माणूस जाते त्याला आधी हेच विचारायचे असते. दोष कोणाचा हे नंतर. संदेशांची नोंदवही ही त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी एकमेव साक्षीदार असते, कारण माणसांच्या आठवणी नंतर ज्याच्या-त्याच्या सोयीने बदलतात.

वीस वर्षांनंतर

इतिहासाच्या अभ्यासकांनी या कायद्यातले एक पोटकलम फारसे वापरलेले नाही. कलम ८(३) सांगते, की अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षे आधी घडलेल्या घटनेची माहिती द्यावी. केवळ तीनच अपवाद उरतात : देशाची सुरक्षितता व परकीय संबंध, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. म्हणजे तपासात अडथळा हे कारण वीस वर्षांनी गळून पडते. पुण्यातल्या जुन्या दंगली, संप, मोर्चे, गाजलेले खटले यांचे ठाण्यातले कागद, जर उरले असतील तर, आज मागता येतात.

असे कागद किती मोलाचे असतात याचे एक उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला. पकडलेल्या मदनलाल पाहवाच्या जबाबात पुण्यातल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. त्या संपादकाची माहिती पुण्याच्या पोलिसांकडे नोंदलेली होती. दहा दिवसांत ती दिल्लीला वेळेवर पोहोचली नाही आणि ३० जानेवारी उजाडला. हा कागद कोठे अडला याचा शोध १९६५ मध्ये नेमलेल्या आणि पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्याकडे सोपवलेल्या आयोगाने घेतला. अहवाल यायला १९६९ उजाडले. एकवीस वर्षे! तेव्हा त्यासाठी सरकारने आयोग नेमावा लागला. नथुरामचे न्यायालयातले निवेदन आणि खटल्याचे कागद मात्र एका नागरिकाने अर्ज करून मागितले आणि केंद्रीय माहिती आयोगाने २०१७ मध्ये ते देण्याचा आदेश दिला.

'उरले असतील तर' हे शब्द मी मुद्दाम वापरले. कोणती वही किती वर्षांनी नष्ट करायची याचे वेळापत्रक पोलिसांकडे असते, आणि ते पाळले जातेच असे नाही. कधी ठेवायचे ते जळते आणि जाळायचे ते उरते. वीस वर्षांचा हक्क आणि त्याआधीच रद्दीत जाणारी वही यांचा मेळ कोणी घातलेला नाही. म्हणून अर्जदाराने आणखी एक कागद मागावा : नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी आणि तसा आदेश. कागद गेला हे सांगणाराही एक कागद असावा लागतो.

जे मागू नये

या बाजूचे सगळे बरोबर आणि त्या बाजूचे सगळे चूक, असे मला म्हणायचे नाही. पोलीस ठाण्याच्या कागदांत इतरांची आयुष्ये असतात. बलात्काराची फिर्याद, नवऱ्याविरुद्धचा अर्ज, खबऱ्याचे नाव, घाबरत दिलेला साक्षीदाराचा जबाब. कलम ८(१)(छ) अशा माणसांचा जीव आणि ओळख सांभाळते, आणि ते सांभाळलेच पाहिजे. शेजाऱ्याशी भांडण झाले म्हणून त्याच्यावरचे जुने गुन्हे मागणारे अर्ज मी पाहिले आहेत. तशा अर्जांनी या कायद्याचेच नुकसान केले.

पण खाजगीपणाची ढाल आता व्यक्तीपेक्षा कचेरीला अधिक उपयोगी पडू लागली आहे. अकोल्यातल्या एका अधिकाऱ्याविषयीच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये ठरवले, की सरकारी नोकराला दिलेल्या नोटिसा, झालेल्या शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. त्यानंतर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मधला तोलच काढून टाकण्याची दुरुस्ती केली. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे सुंदर वाक्यही त्यात गेले. कलम ८(२) मधला जनहिताचा मार्ग तेवढा शिल्लक राहतो. यापुढे एखाद्या ठाण्यातल्या मारहाणीच्या चौकशीचे काय झाले, असे विचारले, तर ते 'वैयक्तिक' आहे असे उत्तर देणे सोपे होणार आहे.

तळेगावची सकाळ

अर्जदाराच्या जिवाचे काय, हा प्रश्नही पुणे जिल्ह्यानेच देशापुढे ठेवला. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी माहिती अधिकाराच्या बळावर महामार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार उघडे पाडत होते. त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. तपास राज्य पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवालही दिला होता.

माहिती मागण्याचे कारण सांगण्याची गरज नाही, असे कलम ६(२) म्हणते. पण अर्जावर नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि तो पत्ता ज्याच्याविषयी विचारले त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. २०१३ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने पत्त्याऐवजी टपालपेटीचा क्रमांक चालेल असे सांगितले. ही सोय अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. पोलिसांकडे अर्ज करणाऱ्या माणसाचे रक्षणही पोलिसांनीच करायचे असते. ही अडचण कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. ठाण्याच्या दारात आपल्यासोबत चार माणसे उभी असतील तरच थोडी सुटते.

आत्याचा कागद

पाहणीच्या दिवशी मला एका बाकावर बसवून वही समोर ठेवली गेली. एका हवालदाराने पान काढून दिले. एफआयआरमध्ये अपघाताची वेळ 'सव्वाअकराच्या सुमारास' अशी होती. वहीत ११.५२ ला फोन आल्याची नोंद होती. ११.५५ ला गाडी निघाली. १२.०७ ला ती घटनास्थळी पोहोचली. एका रिक्षावाल्याने फोन केला होता.

मी तो उतारा दोनदा वाचला. पोलीस पंधरा मिनिटांत पोहोचले होते. त्याआधीची सदतीस मिनिटे कोणीच कोणाला कळवले नव्हते. त्या रस्त्यावरून त्या वेळेत किती गाड्या गेल्या असतील याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

म्हणजे जो कागद माझ्यापासून अकरा महिने लपवला गेला, तो पोलिसांच्या बाजूने बोलणारा होता. पहिल्याच दिवशी आत्यासमोर ती वही उघडली असती, तर एका बाईच्या मनातला पोलिसांविषयीचा संशय तेथल्या तेथे मिटला असता. लपवण्यासारखे काही नव्हते, तरी लपवले. कारण तसे करायची सवय होती. त्यानंतर मी इतरांसाठीही बरेच अर्ज लिहिले. या सवयीच्या जागी दरवेळी काळेबेरेच असते असे नाही, हे मी आता समजून आहे. पण बंद वहीबद्दल माणूस वाईटच कल्पना करतो, आणि ती कल्पना खोडायचा अधिकार फक्त उघड्या वहीला असतो.

उताऱ्याची प्रत मी आत्याला नेऊन दिली. पानाला दोन रुपये. तिने चष्मा लावून आकडे बोटाने पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पोलीस आले होते वेळेवर. लोकच थांबले नाहीत."

पुढच्या आठवड्यात ती ठाण्यात गेली. तिसऱ्यांदा. त्या ठाणे अंमलदारांना भेटून आली. काय बोलली ते तिने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिच्या देवघराच्या फळीवर पोथीच्या खाली ती झेरॉक्स अजून आहे.